शर्यतीचे दफ्तर

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा यंत्रापाशीच अडखळतो; इंजिनाची अश्वशक्ती कोणत्या साली किती झाली, चाके केव्हा रुंदावली, चालकाच्या मस्तकावर शिरस्त्राण केव्हा आले, याची वंशावळ दिली की आपले कर्तव्य संपले असे त्याला वाटते. घरी खुर्चीत बसून, हातात स्टीअरिंग आणि पायाखाली पेडल घेऊन, संगणकाच्या पडद्यावरील ट्रॅकवर ज्या शर्यती आज अहोरात्र चालतात आणि ज्यांना 'सिम रेसिंग' म्हणतात, त्यांच्याविषयी जे थोडेबहुत लिहिले गेले आहे तेही याच वळणाने गेले आहे. चित्र किती हुबेहूब दिसते, चाकाची पकड सुटताना हाताला किती खरा हिसका बसतो, एवढ्याचेच त्यात कौतुक असते. हे कौतुक अस्थानी आहे असे मी म्हणत नाही. परंतु माझ्या मते या खेळाचा मुख्य इतिहास त्याच्या कारभाराचा आहे. ज्यांनी परस्परांना कधी पाहिलेले नाही, ज्यांच्या अंगावर ओरखडाही उमटण्याचा संभव नाही आणि मोटारीचा चक्काचूर झाला तरी ज्यांच्या खिशाला तोशीस लागत नाही, अशा हजारो परक्या माणसांना एकाच ट्रॅकवर सभ्यपणे कसे धावावयास लावावे, हा तो प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर यंत्रशास्त्रातून न मिळता अखेरीस परवाने, खातेवह्या आणि निवाडे यांच्यातून मिळाले.

खऱ्या शर्यतींनाही हा प्रश्न एकेकाळी वेगळ्या रूपाने पडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत साध्या प्रवासी मोटारींच्या शर्यती गावोगाव भरत. नियम प्रत्येक मैदानावर निराळे, 'राष्ट्रीय विजेता' म्हणवून घेणारे एकाच वर्षी अनेक, आणि प्रेक्षकांकडून जमलेली रक्कम बक्षिसासकट घेऊन शर्यत संपण्यापूर्वीच पसार होणारे कंत्राटदारही काही कमी नव्हते. या अंदाधुंदीला कंटाळून बिल फ्रान्स या गृहस्थाने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात चालक, मालक आणि मैदानवाले यांची बैठक बोलावली, आणि तिच्यातून फेब्रुवारी १९४८ मध्ये 'नॅस्कार' ही संस्था नोंदली गेली. एकच नियमावली, एकच गुणपत्रक, एकच विजेता. मोठेपणा काय तो एवढाच, पण पुढचा सारा डोलारा त्यावर उभा राहिला. तथापि फ्रान्सला एक गोष्ट फुकट मिळाली होती. त्याच्या ट्रॅकवर मृत्यूचे भय आणि दुरुस्तीचा खर्च हे दोन शिपाई बिनपगारी पहारा देत होते. समोरच्याला मुद्दाम धडक देणाराही आधी स्वतःच्या बरगड्यांचा विचार करी.

पडद्यावरच्या शर्यतीत हे दोन्ही शिपाई गैरहजर असतात, आणि याचा प्रत्यय पहिल्याच उल्लेखनीय खेळात आला. डेव्हिड केमर आणि ओमार खुदारी यांनी १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन केलेल्या 'पॅपिरस' या लहानशा मंडळीने १९८९ मध्ये इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध पाचशे मैलांच्या शर्यतीचे अनुकरण करणारा खेळ बाजारात आणला. मोटारीच्या यांत्रिक वर्तनाचे इतके गंभीर गणित घरगुती संगणकावर तोपर्यंत फारसे कोणी मांडले नव्हते; पण हा खेळ घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्या गणिताचा उपयोग कशासाठी केला, तर मोटार उलट्या दिशेने हाकून समोरून येणाऱ्या ताफ्यात घुसवण्यासाठी आणि उडालेल्या चिंधड्या पुन्हा पुन्हा पाहण्यासाठी. समोरचे चालक तेव्हा संगणकाचे होते, त्यामुळे कोणाची तक्रार आली नाही. उद्या त्या मोटारींत माणसे बसवली तर काय होईल, हे मात्र ज्याला कळावयाचे त्याला तेव्हाच कळावयास हवे होते.

माणसे बसण्यास फार काळ लागला नाही. पॅपिरसचा नॅस्कारवरील पहिला खेळ १९९४ मध्ये निघाला, आणि त्या दशकाच्या मध्यावर मोडेमच्या कर्कश आवाजातून दूरदूरचे खेळाडू एकाच शर्यतीत उतरवण्याची सोय सुरू झाली. या सोयीचे टोपणनाव 'हवाई' असे होते. खेळाडूंना लांब पल्ल्याच्या टेलिफोनचे भाडे भरून ती वापरावी लागे; म्हणजे निदान खिशाचा धाक काही काळ परत आला होता, असे म्हणावयास हरकत नाही. दिग्गज चालक डेल अर्नहार्ट यांचा त्याच नावाचा मुलगा त्या काळी या घरगुती शर्यतींत रमत असे, आणि तेथे ओळख झालेला टी. जे. मेजर्स हा खेळाडू पुढे खऱ्या शर्यतींत गच्चीवरून नजर ठेवून त्याला रेडिओवर वाट सांगणारा त्याचा विश्वासू साहाय्यक झाला. या ओळखी कशा जुळत असत हे कळले म्हणजे, आरंभीचा समाज किती लहान आणि परस्परपरिचित होता याची कल्पना येते.

येथे एका भौतिक अडचणीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण पुढच्या कायदेकानूंचा बराचसा भाग तिच्यातून निघाला आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८३ मीटर तोडते. काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा पुण्यातील खेळाडूची मोटार कोठे आहे ही खबर सुमारे १२,००० किलोमीटरवरच्या मॅसॅच्युसेट्समध्ये, वाटेत कोठेही खोळंबा झाला नाही असे धरले तरी, ६० सहस्रांश सेकंदांनी उशिरा पोहोचते, आणि तेवढ्या अवधीत ती मोटार पाच मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीइतकी, पुढे गेलेली असते. म्हणून प्रत्येक खेळाडूचा संगणक दुसऱ्याची मोटार 'आता येथे असावी' असा अंदाज करून दाखवतो. पडद्यावर दिसणारा प्रतिस्पर्धी हा अशा रीतीने नेहमीच थोडासा कल्पित असतो. दोघांच्या दृष्टीने दोन वेगळी सत्ये संभवतात, आणि धक्का कोणी दिला या वादात दोघेही प्रामाणिकपणे शपथ घेऊ शकतात. न्यायाधीशाची अशी पंचाईत खऱ्या शर्यतीत क्वचितच होते.

१९९८ मध्ये पॅपिरसने 'ग्रां प्री लेजेंड्स' हा खेळ काढला. त्याचा विषय १९६७ चा फॉर्म्युला वन मोसम होता; पंख नसलेल्या, अरुंद टायरांच्या, पेट्रोलच्या टाक्यांनी वेढलेल्या त्या मोटारी वळणावर घसरतच जात, आणि त्याच मोसमात मोनॅको येथे लोरेन्झो बांदिनी जळत्या मोटारीत सापडून तीन दिवसांनी मरण पावला होता. खेळात मात्र मोटार कठड्यावर आपटून उलटी झाली की दोन कळा एकदम दाबाव्यात, आणि ती चकचकीत होऊन पुन्हा चाकांवर उभी राही. खेळ इतका अवघड होता की तो फारसा खपला नाही; ज्यांनी तो घेतला ते मात्र त्याचे निष्ठावंत उपासक बनले. ऑनलाइन शर्यतींसाठी एकमेकांना शोधण्याची व्यवस्थासुद्धा या उपासकांनी पदरमोड करून स्वतःच उभी केली, आणि तिच्या आश्रयाने ठिकठिकाणी 'लीग' नामक मंडळे निघाली.

या लीगांचा कारभार मोठा मनोरंजक होता. आठवड्यातील एक ठरलेली रात्र, सर्व्हरचा सांकेतिक शब्द ठाऊक असणारी तीसचाळीस माणसे, गुणांचा तक्ता ठेवणारा एखादा हौशी चिटणीस, आणि शर्यतीची चित्रफीत पुन्हा पुन्हा फिरवून कोणाच्या मोटारीचे नाक कोणाच्या मागच्या चाकाला केव्हा लागले याचा निवाडा करणारे दोनतीन पंच, एवढ्यावर कित्येक वर्षे उत्तम शर्यती झाल्या. वर्तन सुधारण्याचे साधन लोकलज्जा हे होते. आज मी तुला ढकलले तर पुढच्या गुरुवारी तू, तुझे मित्र आणि चिटणीस हे सगळे तेथेच असणार, ही जाणीव पुरेशी होती. पण लोकलज्जेचे राज्य गावापुरते चालते, शहरात चालत नाही. चाळिसांची चारशे माणसे झाली की चिटणीस थकतो, पंचांवर पक्षपाताचा आरोप येतो, मंडळ फुटून दोन मंडळे होतात. आणि ज्याला गुरुवारी रात्री घरचे काम आहे, किंवा ज्याचा देशच पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आहे, त्याला या सुव्यवस्थेचा काहीच उपयोग होत नाही. खुल्या सर्व्हरवर मात्र पहिल्या वळणावर पन्नास टक्के मोटारी नामशेष होण्याचा रिवाज पडून गेला होता.

फेब्रुवारी २००३ मध्ये पॅपिरसचा शेवटचा आणि, जाणकारांच्या मते, सर्वोत्तम नॅस्कार खेळ प्रसिद्ध झाला. नॅस्कारचे नाव वापरण्याचा एकाधिकार २००४ पासून इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीकडे गेला आणि पॅपिरसचे दुकान बंद पडले. त्याच वर्षी केमरने जॉन हेन्री यांच्याशी भागीदारी केली. हे हेन्री बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक आणि अशा खेळांचे षौकी. दोघांनी जुन्या खेळाची मूळ संहिता विकत घेतली, खऱ्या ट्रॅकवर लेसरचे यंत्र फिरवून डांबराचा प्रत्येक उंचवटा मोजून घेतला, आणि ऑगस्ट २००८ मध्ये 'आयरेसिंग' लोकांसाठी खुले केले. लेसरची वाहवा पुष्कळ झाली. पण माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे महत्त्व निराळ्या दोन अटींत आहे. पहिली अट, हा खेळ विकत मिळणार नाही, मुदतीची वर्गणी भरून सभासद व्हावे लागेल. दुसरी, सभासदाने आपल्या खऱ्या नावानेच धावावे. त्याच नावाचा दुसरा कोणी आधीच असेल तर नावापुढे आकडा लागेल, परंतु टोपणनावाची मुभा नाही. टोपणनाव गेले आणि वर्गणीही बुडण्याची भीती आली. म्हणजे अब्रू आणि पैसा हे दोन जामीन एकाच दिवशी सरकारजमा झाले.

या पायावर जी व्यवस्था रचली गेली तिचे पहिले अंग परवाना होय. नवागताला 'रुकी'चा परवाना मिळतो. त्यावर डी, सी, बी, ए अशा पायऱ्या आणि सर्वांत वर व्यावसायिकांचा परवाना. प्रत्येक पायरीला जसजशा वेगवान मोटारी आणि लांब शर्यती खुल्या होत जातात, तसतशी सभासदाची परवान्याविषयीची माया वाढत जाते. बढती वेगावर मिळत नाही. ती 'सेफ्टी रेटिंग' नावाच्या आकड्यावर मिळते, आणि हा आकडा ०.०० पासून ४.९९ पर्यंत सरकत असतो. तो ४ च्या वर गेला आणि शर्यतींची किमान संख्या भरली की मधल्या काळातही बढती. मोसमाअखेर तो ३ च्या वर असेल तरी बढती. २ च्या खाली घसरला तर मोसम संपताच पदावनती. ट्रॅक सोडून चाके बाहेर गेली तर खात्यावर एक गुण नावे पडतो, ताबा सुटून मोटार गरकन फिरली अथवा कठड्याला घासली तर दोन, आणि दुसऱ्या मोटारीशी जोराची टक्कर झाली तर चार. खेळाडूंच्या बोलीत याला 'वन-एक्स', 'टू-एक्स', 'फोर-एक्स' म्हणतात. किती वळणे निर्वेध पार पडली आणि त्यांच्या मानाने किती गुण नावे पडले, यांच्या प्रमाणावरून सेफ्टी रेटिंग चढते किंवा उतरते. बहुतेक शर्यतींत सतरा गुण भरले की मोटार तत्काळ बाद होते.

आता या हिशेबातील सर्वांत विवाद्य कलम. टक्कर झाली तर दोष कोणाचा याची चौकशी हे दफ्तर करीतच नाही. मागून आंधळेपणाने येऊन आदळणारा आणि पुढे निमूटपणे आपल्या रेषेने चाललेला, दोघांच्याही खाती चार-चार गुण पडतात. नवीन सभासदाला हा उघड अन्याय वाटतो, आणि नीतिशास्त्राच्या तराजूत तोलले तर तो अन्याय आहेच. पण कारभार करणाऱ्याच्या जागी बसून विचार केला म्हणजे या कलमातील चातुर्य ध्यानात येते. यंत्राला धक्का कळतो, हेतू कळत नाही. दोन पडद्यांवर दोन सत्ये दिसत असताना हेतूचा शोध घेण्यास माणूस बसवावा लागेल, आणि दिवसभर अखंड चालणाऱ्या असंख्य शर्यतींत इतकी माणसे बसवणे अशक्य. दुसरे असे की, निरपराध्यालाही दंड होतो हे कळल्यावर निरपराधी मनुष्य अधिक सावध होतो. माझी बाजू खरी होती असे म्हणत वळणात शिरण्यापेक्षा शेजारच्या अविचारी गड्याला वाट द्यावी, त्याला पुढे जाऊन एकटाच घसरू द्यावा, हे शहाणपण तो शिकतो. आणि खऱ्या ट्रॅकवर दीर्घायुषी ठरलेल्या चालकांनी भयापोटी जे शहाणपण मिळवले ते हेच आहे. भयाच्या जागी खातेवही ठेवण्याचा हा प्रयोग, सगळे गुणदोष जमेस धरूनही, यशस्वी झाला असे मी मानतो. त्याचा दुरुपयोग करणारे अर्थातच निघाले. शर्यत सुरू होताना मुद्दाम पिट लेनमध्ये थांबून, सगळा ताफा पुढे गेल्यावर एकट्यानेच फेऱ्या मारीत रेटिंग पिकवणारे महाभाग प्रत्येक मोसमात आढळतात. जेथे दफ्तर आहे तेथे खाडाखोड आलीच.

दुसरे अंग 'आयरेटिंग'. सेफ्टी रेटिंग माणसाची चालचलणूक मोजते, तर आयरेटिंग त्याचा वकूब मोजते. याचे कूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञानाचे अध्यापन करणारे अर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंच्या बलाबलाचे जे गणित बसवले, ते अमेरिकन महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारले. बुद्धिबळात दोघांचा सामना असतो आणि येथे वीसतीस मोटारी एकदम असतात. म्हणून प्रत्येक खेळाडू जणू उरलेल्या प्रत्येकाशी स्वतंत्र सामना खेळला असे धरून हिशेब मांडला जातो. अपेक्षेपेक्षा वर आला त्याची वाढ, खाली राहिला त्याची घट. एकाला मिळालेले दुसऱ्याच्या खात्यातूनच आलेले असते. शर्यतीला दोनशे माणसांनी नावे दिली तर त्यांची या आकड्याच्या उतरत्या क्रमाने वाटणी होऊन अनेक स्वतंत्र शर्यती, म्हणजे 'स्प्लिट', एकाच वेळी सुटतात. जत्रेच्या फडात जाणते पंच मल्लांचे अंग आणि कसब पाहून जोड नेमतात, आणि पोरसवद्या पठ्ठ्याला नामांकित पैलवानासमोर उभा करीत नाहीत, तीच ही रीत. फरक इतकाच की पंचाच्या नजरेचे काम येथे बेरीज-वजाबाकी करते. त्यामुळे पहिल्या स्प्लिटमध्ये जगातील नामवंत धावत असताना अखेरच्या स्प्लिटमध्येही पाचव्या क्रमांकासाठी जिवाच्या आकांताने झुंज चालू असते, आणि ती झुंज लढणाऱ्याला आपण तळाशी आहोत याची खंत वाटत नाही.

अजिंक्यपदाचा हिशेब याच आकड्याशी बांधलेला आहे. ज्या स्प्लिटमधील खेळाडूंची सरासरी ताकद अधिक, त्या स्प्लिटला गुण अधिक; दुबळ्या स्प्लिटमध्ये पहिला येणाऱ्यापेक्षा बलाढ्य स्प्लिटमध्ये मध्यावर येणारा पुष्कळदा जास्त गुण मिळवतो. मोसम बारा आठवड्यांचा, वर्षातून चार; बहुतेक मालिकांत दर आठवड्यास ट्रॅक बदलतो. एका आठवड्यात कोणी कितीही वेळा धावले तरी त्याच्या उत्तम एकचतुर्थांश निकालांची सरासरी धरतात, आणि साधारणतः बारांपैकी सरस आठ आठवडेच अंतिम बेरजेत येतात, म्हणजे आजारपण, परीक्षा, लग्नकार्य यांची सोय झाली. तेरावा आठवडा अजिंक्यपदाच्या हिशेबात नसतो. त्या सात दिवसांत गंमतीच्या शर्यती होतात आणि शिस्त बरीच सैल पडते. बाराव्या आठवड्यापर्यंत आवळून धरलेला समाज तेराव्यात शिमगा करतो, आणि मला वाटते हे कलम कोणीतरी मनुष्यस्वभाव पुरेपूर जाणून घातले असावे.

या सोपानाच्या शिखरावर नॅस्कारने २०१० मध्ये आपली अधिकृत मोहोर उमटवली. नॅस्कारच्या मान्यतेने भरलेल्या त्या पहिल्या जागतिक ऑनलाइन मालिकेचा विजेता रिचर्ड टाउलर. पुढे प्रायोजक बदलत गेले आणि बक्षिसाची रक्कम लाखो डॉलरांत गेली. तेथे पोहोचण्यास निमंत्रण लागत नाही. घरोघरच्या शर्यतींतून पात्रता-मालिका, तिच्यातून मुख्य मालिका, आणि मुख्य मालिकेत तळाला राहिलेल्यांनी पुन्हा पात्रता सिद्ध करावी, अशी ही वाट आहे. घरच्या पडद्यावरून खऱ्या मोटारीत गेलेल्यांपैकी विल्यम बायरनचे नाव सर्वतोमुखी आहे. शाळकरी वयात आयरेसिंगवर हात बसवलेल्या या मुलाने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना ५०० ही शर्यत जिंकली. इतरांनीही हाच कारभार थोड्याफार फरकाने उचलला. 'ग्रान टुरिस्मो'च्या २०१७ च्या आवृत्तीत वेग आणि खिलाडूपणा यांची दोन स्वतंत्र मानांकने आली, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नावाने त्या खेळाची जागतिक स्पर्धा भरू लागली. तिचा राष्ट्रगटातील पहिला विजेता ब्राझीलचा इगोर फ्रागा.

या साऱ्या व्यवस्थेची कसोटी पाहणारा प्रसंग २०२० मध्ये आला, आणि तो अशा दिशेने आला की जिची कोणी अपेक्षा केली नव्हती. कोविडच्या साथीमुळे मार्चमध्ये खऱ्या शर्यती थांबल्या आणि नॅस्कारने आपल्या नामांकित चालकांनाच आयरेसिंगवर उतरवले. २२ मार्च रोजी होमस्टेड-मायामीच्या आभासी ट्रॅकवरील पहिली शर्यत डेनी हॅमलिनने शेवटच्या फेरीत धाकट्या अर्नहार्टला मागे टाकून जिंकली, आणि अमेरिकेत नऊ लाखांवर लोकांनी ती दूरचित्रवाणीवर पाहिली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे पाहुणे निमंत्रणाने आले होते. डी, सी, बी, ए अशी चढण चढून आले नव्हते, आणि त्यांना मोडलेली मोटार नवी करून घेण्याची मर्यादित मुभाही दिलेली होती. ज्यांनी आयुष्यभर ताशी ३०० किलोमीटरवर संयम पाळला ते लोक खुर्चीत बसताच एकमेकांवर आदळू लागले. ब्रिस्टलच्या शर्यतीत बब्बा वॉलेसने चिडून मध्येच खेळ सोडला आणि त्याचा एक प्रायोजक गेला. १२ एप्रिलला काइल लार्सनने एका शर्यतीत, आवाज सर्वत्र जात आहे याचे भान न राहून, वर्णद्वेषी शब्द उच्चारला. दोन दिवसांत त्याच्या संघाने त्याला काढून टाकले आणि नॅस्कारने निलंबित केले. मे महिन्यात फॉर्म्युला ई च्या आभासी स्पर्धेत तर डॅनियल आब्टने स्वतःच्या जागी एका सराईत सिम खेळाडूला बसवले. तोतयेगिरी उघडकीस आली, दहा हजार युरोंचा दंड झाला आणि आउडी या त्याच्या संघाने त्याला दूर केले. खऱ्या चालकांनी ट्रॅकवर पाळलेली सभ्यता किती अंशी स्वभावाची होती आणि किती अंशी कठड्याच्या काँक्रीटची, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा मिळावयाचा नाही. भय काढून घेतले आणि खातेवहीही लावली नाही, की नामवंतांतही पहिल्या वळणावरचा तोच गोंधळ उडतो.

अर्थात दफ्तर कितीही चोख असले तरी तारेपुढे त्याचे काही चालत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या आभासी शर्यतीत मॅक्स व्हर्स्टापेनची मोटार आघाडीवर असताना त्याचा सर्व्हरशी संबंध तुटला आणि त्याच्या संघाच्या हातची शर्यत गेली. फॉर्म्युला वनच्या या जगज्जेत्याने संतापून जे बोलावयाचे ते बोलून घेतले. असल्या अपघाताला दंडही नाही आणि भरपाईही नाही.

राहता राहिली फिर्यादीची बाब. मुद्दाम धडक दिली, अपशब्द वापरले, अडवणूक केली, अशा तक्रारी सभासदाने शर्यतीच्या चित्रफितीसह लेखी द्यावयाच्या असतात. त्यांवर माणसे बसून विचार करतात आणि ताकीद, निलंबन किंवा कायमची हकालपट्टी अशा शिक्षाही होतात. यंत्राने हेतूची चौकशी सोडून दिली ती येथे माणसाच्या हाती सोपवली आहे, आणि ही विभागणी योग्य आहे. परंतु निकाल काय लागला, कोणत्या कारणाने लागला, याचा तपशील फिर्यादीलाही सहसा कळवला जात नाही, मग इतरांची काय कथा. त्यामुळे इतक्या वर्षांच्या निवाड्यांतून जो एक शर्यतशास्त्राचा कायदा तयार व्हावयाचा, वळणात आतल्या बाजूने शिरणाऱ्याचा हक्क कोठपर्यंत, वाट अडवणे कोठून सुरू होते, तारेच्या विलंबाने झालेल्या धक्क्याचे उत्तरदायित्व कोणाचे, तो सारा पंचांच्या कपाटात बंद राहिला आहे. खासगीपणाचे कारण पुढे केले जाते. नावे झाकूनही निर्णय छापता येतात. फॉर्म्युला वनचे पंच आपले निर्णय प्रसंग, कलम आणि कारण यांसह लेखी प्रसिद्ध करतात, आणि आभासी शर्यतींच्या चालकांनी हीच पद्धत आपल्याकडे विनाविलंब सुरू करावी.